धुऱ्यावरची बाभूळ आणि एजंटाची अकॅशिया

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणतं झाड लावावं असं एका वावरवालीनं विचारलं आहे. पत्रातले मामाजी म्हणजे तिचे सासरे. पत्र असं आहे:

«काका, नमस्कार. आमचं बाभुळगाव तालुक्यात नाल्याकाठी पाच एकर काळीचं वावर आहे. चार सालं झाले, नणंदेच्या लग्नात धुऱ्यावरच्या तीन जुन्या बाभळी विकल्या. तवापासून मामाजी दिवसातून एकदा तरी त्या खुंटाइकडे पाहून बोलतात. आता पोरगं म्हणते, बाभूळ कशाले? गावात एजंट आला होता, तो अकॅशिया मँजियमचे रोपं देते, सात वर्षांत लाखोचं लाकूड होते म्हणते. मामाजीचं एकच, लावायचं तं बाभूळच लावा. म्या मागच्या साली पिशव्यात बाभळीच्या चाळीस बिया टाकल्या, तीनच निघाल्या. त्या धुऱ्यावर लावल्या, तं दोन बकऱ्यानं खाल्ल्या, एक वाळली. शेजारचे भाऊ म्हणतात, धुऱ्यावर बाभूळ लावसान तं माही पऱ्हाटी (कपाशी) सावलीनं जाईन अन् काटे माह्या बैलाच्या पायात जातीन. लोक म्हणतात बाभूळ आपोआप उगवते. मंग माह्या हातानं काहून उगवत नाही? काय लावू, कसं लावू, ते सांगा.
— एक वावरवाली»

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्याची गुरुकिल्ली त्यातच आहे. बाभूळ आपोआप उगवते, हे लोक म्हणतात ते अर्धंच खरं. बाभूळ उगवते बकरीच्या पोटातून.

बाभळीच्या बीवर असं टणक कवच असतं की त्यातून पाणी आत शिरत नाही. तुम्ही पिशवीत बी टाकलं, रोज झारीनं पाणी घातलं, तरी ते बी आत कोरडंच राहिलं. चाळीसातल्या ज्या तीन निघाल्या त्यांच्या कवचाला कुठंतरी आधीच चीर गेली असणार. म्हणजे तुमच्या हाताचा काही दोष नाही.

आता बकरीकडे या. उन्हाळ्यात झाडाखाली शेंगा पडतात. गवत वाळलेलं, चारा संपलेला, अशा वेळी बकऱ्या-मेंढ्या त्या शेंगा मिटक्या मारत खातात. रात्री कोठ्यात बसून रवंथ करताना बऱ्याचशा बिया तोंडातून बाहेर टाकतात, काही लेंडीतून पडतात. त्या बियांचं कवच पोटातल्या रसानं मऊ झालेलं असतं. मग धनगर उन्हाळ्यात कोणाच्या वावरात मेंढ्या बसवतो, लेंडीखताबरोबर बियाही पडतात, आणि मृगाचं पाणी पडलं की ‘आपोआप’ उगवतात. तुमच्या त्या तीन जुन्या बाभळीही बहुधा अशाच आल्या असतील. मामाजींना विचारून पाहा, त्यांच्या लहानपणी वावरात मेंढ्या बसत होत्या का.

तेव्हा पहिलं काम बियांचं, आणि ते आत्ताच करायचं आहे. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा उलंगवाडी, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी, होऊन गेलेली असेल आणि बाभळीच्या शेंगा पिकून खाली पडत असतील. गावात कोणाच्या कोठ्यात बकऱ्या असतील तर त्यांना सांगून सकाळी झाडलोट करताना बिया वेचून आणा. कोठ्यातल्या बिया काळपट, धुतल्यासारख्या दिसतात, ओळखायला सोप्या. एवढं बी मिळालं तर दुसरी काही खटपट नको.

नाही मिळालं तर झाडाखालच्या शेंगा आणा, उन्हात कडक वाळवा, काठीनं बडवून बी काढा. काढलेलं बी पाण्यात टाका. वर तरंगेल ते फेकून द्या. ज्याला बारीक गोल भोक आहे तेही फेका, आत भुंगेऱ्याच्या अळीनं गर खाल्लेला असतो. मागच्या वर्षीचं साठवलेलं बी असेल तर अशी भोकं फार सापडतील. उरलेल्या बियांसाठी पातेल्यात बियांच्या दहापट पाणी उकळा, चुलीवरून खाली उतरवा, आणि मग बी टाका. बी घालून पातेलं चुलीवर ठेवू नका, शिजेल. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ज्या बिया टम्म फुगल्या त्या पेरायच्या. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तसंच गरम पाणी.

पन्नास-साठच बिया असतील तर मी तर नेलकटर वापरतो. बीच्या एका टोकाला बारीक डोळा दिसतो, तिथून अंकुर निघतो. ते टोक सोडून दुसऱ्या बाजूचं कवच एवढंसं टोकरायचं, आतलं पांढरं दिसलं की थांबायचं. मग साध्या पाण्यात रात्रभर. टीव्ही पाहत पाहत होणारं काम आहे. अॅसिडात बुडवायची पद्धत रोपवाटिकांत चालते, घरी तो उद्योग करू नका.

आता पिशवी की थेट धुरा? तुमच्यासाठी थेट धुरा, आणि यात मला काही शंका नाही. बाभळीचं रोप वर हातभर दिसतं तेव्हा खाली त्याचं सोटमूळ त्याहून खोल गेलेलं असतं. पिशवीत हे मूळ बुडाला टेकतं आणि गोल गोल वेटोळं घालतं. लावल्यानंतरही ते वेटोळं सुटत नाही. माझीच गोष्ट सांगतो. एका वर्षी मी हौसेनं साठ पिशव्या भरल्या, पाऊस लांबला, मग कामं लागली, आणि ती रोपं पिशवीतच दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत राहिली. लावली, चांगली वाढलीही. तिसऱ्या वर्षी वैशाखातल्या एका वादळात अर्धीअधिक झोपली. उपटून पाहिलं तर मुळं चकलीसारखी. पिशवीत वाढवायचंच असेल तर फेब्रुवारीत पेरून जुलैत लावून मोकळं व्हावं, आणि पिशवीत नुसती काळी माती भरू नये, ती वाळून दगड होते. माती, रेती आणि शेणखत सारखं घ्यावं. पण यंदा फेब्रुवारी गेला. म्हणून धुरा.

जागा आत्ताच तयार करा. धुऱ्यावर दर पंधरा-अठरा फुटांवर दोन फूट रुंद जागा कुदळीनं खोल भुसभुशीत करून ठेवा. आर्द्रात चांगला, जमीन गच्च भिजवणारा पाऊस झाला की प्रत्येक जागी चार-पाच बिया, अर्ध्या बोटाच्या पेराएवढ्या खोल. त्याहून खोल गेल्या तर काळी माती वरून घट्ट बसते आणि कोंब बाहेर येत नाही. आठ-पंधरा दिवसांत उगवण दिसेल. लगेच विरळणी करू नका. पहिल्या वर्षी दोन-तीन राहू द्या, रोही (नीलगाय), बकऱ्या, वाळवी यांचा वाटा धरून. पुढच्या पावसाळ्यात एक सरळ, जोमदार ठेवा आणि बाकीची कापून टाका.

आता तुमच्या पोराच्या अकॅशियाकडे येतो. त्याला रागावू नका. एजंट म्हणाला असेल की ‘हीच खरी अकॅशिया’, आणि गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नियमानं तो खरं बोलतो. आपली बाभूळ बराच काळ अकॅशिया याच नावानं पुस्तकांत होती, आधी अरेबिका, नंतर निलोटिका. नंतर लक्षात आलं की अकॅशिया म्हणून एकत्र बांधलेली झाडं मुळात एकाच गोताची नाहीत. मग नाव कोणाकडे राहायचं यावर भांडण झालं. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आणि २०११ साली मेलबर्नमध्ये ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, कारण त्यांची संख्या हजाराच्या घरात. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया, खैर झाला सेनेगालिया. म्हणजे बाभळीच्या काट्यावरून ज्याला नाव पडलं, ग्रीक भाषेत ‘अकिस’ म्हणजे टोक, ते नाव आता बहुतेक बिनकाट्याच्या झाडांकडे आहे. मामाजींना हे सांगू नका, आणखी एक विषय मिळेल.

नाव काही का असेना, प्रश्न मातीचा आहे. मँजियमचं माहेर म्हणजे ऑस्ट्रेलियाचं क्वीन्सलँड, पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं. तिथं वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस. माती आंबट, म्हणजे सामू (पीएच, आम्लतेचं माप) पाच-साडेपाचच्या आसपास. तुमच्याकडे पाऊस नऊशेच्या घरात, तो चार महिन्यांत संपतो, आणि मग मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास. उन्हाळ्यात ही माती फाटते तेव्हा वरवर पसरणारी मुळं तुटतात, आणि मँजियमची मुळं वरवरच पसरतात. मलेशियात त्याच्या मोठ्या लागवडी झाल्या, कागदासाठी ते झाड चांगलंच आहे. पण तिथंही आतून गाभा सडण्याचा रोग त्याला लागतो, आणि गाभा सडला की फर्निचरच्या लाकडाचा भाव गेला. फांदी चुकीची छाटली, जखम उघडी राहिली, की तिथूनच बुरशी आत शिरते.

पोराला एवढंच सांगा. एजंटाकडे दोन गोष्टी माग. एक, आपल्याच तालुक्यात, काळ्या मातीत, ओलिताशिवाय उभं असलेलं सात वर्षांचं मँजियम दाखव. फोटो नको, झाड दाखव. दोन, लाकूड कोण, कोणत्या भावानं घेणार ते कागदावर लिहून दे. दोन्ही मिळालं तर दहा रोपं नाल्याकाठी लावून पाहायला माझी ना नाही. पण पाच एकरांत तेच, हे नाही. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात तुम्ही जी बिनकाट्याची, कोयत्याच्या पात्यासारख्या पानांची ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ पाहता ती याचीच चुलत बहीण, जरा काटक. सामाजिक वनीकरणात ती मुद्दाम लावली, कारण तिला गुरं-बकऱ्या तोंड लावत नाहीत. राखणीचा त्रास नाही हे खरं, पण मग चारा नाही, बकऱ्यांना खायला शेंग नाही, आणि पाला खाली पडून महिनोन् महिने कुजत नाही. शेतकऱ्याच्या धुऱ्याला त्याचा काय उपयोग?

बाभूळ मात्र तुमच्या वावरासाठीच जन्मली आहे. नाल्याकाठची खोल काळी, पावसाळ्यात आठ दिवस पाणी साचणारी, हीच तिची आवडती जागा. खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या काठी जिथं दुसरं झाड रुसतं तिथंही ती उभी राहते. वऱ्हाडात इंग्रजांच्या वेळी सरकारनं ‘बाभूळबनं’ म्हणून राखीव तुकडे ठेवले होते, ते याच मातीत. तुमच्या तालुक्याचं नाव बाभुळगाव आहे, आणि विदर्भात हिवरखेड, हिवरा, खैरी, खैरगाव किती आहेत ते मोजून पाहा. सगळी याच कुळातल्या झाडांची नावं. गाव वसवणाऱ्यांनी आधी झाड पाहिलं असेल.

मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. शेंगा बकऱ्यांना. काडी दातांना. डिंक उन्हाळ्यात खोडावर येतो, तो खायला चालतो, पण बाळंतिणीच्या लाडवात आपल्याकडे धावड्याचा डिंक जास्त मानतात, आणि माझंही मत तेच. साल चामडं कमवायला. लाकूड सरपणाला उत्तम, जळतं जोरात आणि निखारा टिकतो. बंडीचं चाक, वखराचं खोड, कुऱ्हाडीचा दांडा, एकेकाळी हे सगळं बाभळीचं. मामाजी ज्या खुंटाकडे पाहून बोलतात तो त्यांना लाकडाचा दिसत नसेल, वखराचा दिसत असेल. तो खुंट पुन्हा फुटेल अशी आशा त्यांना असेल तर ती मात्र सोडायला सांगा. बाभूळ बुडातून तोडली की सहसा फुटत नाही. निंबासारखी ती नाही.

शेंगा गोळा करताना एक सावधगिरी. वेडी बाभूळ, जिला विलायती म्हणतात, तिच्या शेंगा घेऊ नका. ती १८७७च्या सुमारास बाहेरून भारतात आणली, आणि आता पडीक जमिनीत, तलावांच्या काठी माजली आहे. एकदा वावरात शिरली की पोकलेन लावून काढावी लागते. तिची शेंग पिवळसर, सपाट, गोडसर. फुलं लांबट, केसाळ शेंडीसारखी. आपल्या बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोल गेंद, आणि शेंग पांढुरकी, मण्यांच्या माळेसारखी, दोन मण्यांमध्ये चिमटीत दाबल्यागत. ही झाली तेलिया बाभूळ. दुसरी रामकाठी. तिच्या फांद्या वर जातात, झाड खराट्यासारखं निमुळतं दिसतं, सावली कमी. धुऱ्यासाठी रामकाठीच चांगली. तुमच्या आसपास एखादी असेल तर तिच्याच बिया घ्या. सगळी रोपं आईसारखी निघतीलच असं नाही, शेजारच्या तेलियाशी संकर होतो. दोन वर्षांत जी पसरट दिसतील ती विरळणीत काढा.

इथं शेजारच्या भाऊंचा प्रश्न येतो, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बाभळीच्या सावलीत पीक कमी येतं, हे खरंच आहे. काटा बैलाच्या खुरात गेला तर ऐन डवरणीच्या (कोळपणीच्या) दिवसांत बैल आठ दिवस बसतो, हेही खरं. पण सावली कुठं पडते ते आधी पाहा. जून-जुलैत दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो, सावली झाडाखालीच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणजे सावली लांब होऊन उत्तरेकडे पडते, आणि ती वेळ हरभऱ्याची, गव्हाची, पऱ्हाटीच्या शेवटच्या वेचण्यांची. तेव्हा तुमच्या वावराच्या उत्तरेच्या धुऱ्यावर बाभळी लावल्या तर सावली भाऊंच्या वावरात जाईल. दक्षिणेच्या धुऱ्यावर लावल्या तर तुमच्याच वावरात. तुमच्या पत्रातून नाला कोणत्या अंगाला आहे ते कळत नाही. नाला उत्तरेला असेल तर प्रश्नच मिटला, सगळ्या तिकडं लावा, सावली पाण्यावर पडू द्या. नसेल तर सामाईक धुरा सोडा, आपल्या बाजूनं चार-पाच फूट आत या. सामाईक धुऱ्यावरचं झाड म्हणजे पंधरा वर्षांनी ‘हे कोणाचं’ असं भांडण, आणि तोवर आपली पोरं मोठी झालेली असतात, भांडण त्यांच्या गळ्यात.

आणि भाऊंशी बी पेरायच्या आधी बोला, उगवल्यावर नाही. म्हणा, छाटणीच्या काट्या एकही तुमच्या तासात पडणार नाही, आणि दर वर्षी कुपाटीला (कुंपणाला) लागतील तेवढ्या काट्या तुमच्या. रानडुकरांनी त्रासलेला माणूस काट्यांना नाही म्हणत नाही. मुळं आत येतात अशी तक्रार असेल तर झाडांच्या ओळीपासून चार फुटांवर दोन फूट खोल चर दर दोन-तीन वर्षांनी काढायचा, वरची आडवी मुळं तुटतात, सोटमूळ शाबूत राहतं.

काट्यांबद्दल आणखी एक. लहान झाडाला काटे जास्त आणि लांब असतात. जुन्या झाडाला फार थोडे. तुमच्या त्या तीन बाभळींना वरच्या फांद्यांवर काटे जवळजवळ नसतीलच. झाड स्वतःला बकरीच्या तोंडाच्या उंचीपर्यंतच जपतं.

आता राखण. पहिली दोन वर्षं कसोटीची, त्यानंतर बाभळीला तुमची गरज नाही. तुमची दोन रोपं बकऱ्यांनी खाल्ली, म्हणजे काट्यांचं आळं नव्हतं. प्रत्येक रोपाभोवती बोरीच्या काट्या रोवा, छातीएवढ्या उंच, बुडाशी दगड. बोरीचा काटा वाकडा असतो, बकरीचं तोंड अडकतं, पुन्हा येत नाही. रोही मात्र वरून खातं, म्हणून उंची हवी.

जी एक वाळली ती कशानं, ते तुम्ही लिहिलं नाही. मी तीन कारणं धरतो. पहिलं, तणनाशक. धुऱ्यावरचं गवत पंपानं मारायची सवय आता सगळीकडे लागली आहे. वाऱ्यानं थोडा फवारा पानावर गेला तरी हातभर रोप दहा दिवसांत पिवळं पडून जातं. रोपाभोवती तीन फुटांत हातानं निंदायचं, पंप नाही. दुसरं, आग. उन्हाळ्यात धुरे पेटवतात. यात मी गुन्हेगार आहे. माझ्या सालगड्याला मीच सांगितलं होतं, धुरा जाळून टाक, साप-विंचू होतात. त्या धुऱ्यावर अकरा बाभळी गुडघ्याएवढ्या झालेल्या होत्या, गवतात दिसत नव्हत्या. संध्याकाळी गेलो तर अकराही काळ्या काड्या. त्यातल्या दोन पुन्हा फुटल्या, नऊ गेल्या. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी चुन्यानं रंगवलेली काठी रोवतो. तुम्हीही रोवा, आणि गवत फेब्रुवारीतच कापून घ्या.

तिसरं कारण पाणी. पहिल्या उन्हाळ्यात, होळीपासून मृगापर्यंत, पंधरा दिवसांनी एक घागर. एवढं पुरे. त्याहून जास्त वेळा थोडं थोडं घातलं तर मुळं वरच रेंगाळतात. बुडाभोवती सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरा, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी खोडावर चढते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी बंद.

एक कीड ओळखून ठेवा. पावसाळा सुरू झाला की एक मोठा, लांब मिशांचा भुंगा कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो आणि बुडाशी अंडी घालतो. अळी खोडातून मुळात शिरते. बुडाजवळ लाकडाच्या भुशाचा ढीग दिसला, झाड एकाएकी मरगळलं, तर तीच. लहान झाड असेल तर औषधाच्या मागे न लागता मुळासकट खणून जाळा, म्हणजे शेजारची वाचतात. एकाच जागी दाट लागवड असली की हिचा जोर वाढतो, धुऱ्यावर सुटी झाडं असली की कमी. पंधरा फुटांचं अंतर सांगितलं त्यामागे हेही कारण आहे.

छाटणी तिसऱ्या वर्षापासून, दिवाळीनंतर. खालच्या फांद्या काढायच्या, पण झाडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. लोक शेंड्यापर्यंत सोलून ठेवतात आणि वर झुबका ठेवतात, तसं करू नका, खोड बारीक राहतं आणि वाऱ्यानं वाकतं. फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून. नुसती वरून कापली तर ती पडताना खोडाची साल ओढत नेते. आणि त्याच दिवशी सगळ्या काट्या उचला. उद्या उचलू म्हटलं की त्या गवतात हरवतात, आणि पुढच्या वर्षी भाऊंच्या बैलाला सापडतात.

चार-पाच वर्षांत शेंगा आणि सरपण सुरू होईल. वखराच्या, दरवाजाच्या लाकडाला पंधरा-वीस वर्षं. पोराला हे आकडे आवडणार नाहीत. त्याला विचारा, एजंटाच्या सात वर्षांत रोपांचे पैसे, ओलिताचं पाणी आणि मजुरी तुझ्या खिशातून किती जाणार, आणि धुऱ्यावरच्या बाभळीत किती जातात. त्याला झाडातून पैसाच हवा असेल तर धुऱ्यावर बाभूळ राहू द्या आणि नाल्याच्या बाजूला थोडा बांबू लावा, त्याबद्दल तालुक्याच्या सामाजिक वनीकरण कार्यालयात विचारा. खैर लावायचा विचार आला तर एवढं लक्षात ठेवा की महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत खैर आहे, स्वतःच्या वावरातला तोडायलाही परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. तरी तोडायची वेळ येईल तेव्हा वनरक्षकाला विचारूनच कुऱ्हाड लावा. नियम बदलत असतात, आणि गाडी रस्त्यात अडवली गेली तर नुकसान तुमचंच.

मामाजींना काम द्या. रामकाठी कुठं उभी आहे हे गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल. शेंगा त्यांनी दाखवायच्या, पोरानं वेचायच्या. बी निवडायला, तरंगलेलं फेकायला आणि नेलकटरनं टोकरायला मात्र नातू बरा, म्हाताऱ्या डोळ्यांना तो डोळा दिसत नाही.

आणि यंदा ज्या जागी एकही बी निघालं नाही ती जागा मोडू नका. गरम पाण्यातून सुटलेली काही कडक बियाणी मातीत तशीच पडून राहतात, आणि एक उन्हाळा तापली की पुढच्या आर्द्रात निघतात. काठी तिथंच रोवलेली राहू द्या. पुढच्या वर्षी कळवा, किती निघाल्या.

तुमचा,
काका